पूररेषा आणि स्विचबोर्डही बघा

घर घेताना ‘इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) क्लिअर असेल तर टोकन (सुरुवातीची आगाऊ रक्कम) द्यायला हरकत नाही’ असं सांगितलं जातं, ते मालकीपुरतं ठीक. सांगलीत बंगला घेताना तेवढ्यावर भागत नाही. पूररेषेचा नकाशा बघा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा ‘इथे पाणी येतं का?’ असं मोघम विचारू नका, २०१९ ला कितव्या पायरीपर्यंत होतं ते विचारा, तेही शेजाऱ्यांना.

ताज्या रंगावर जाऊ नका. मेन बंद करून तळमजल्यावरचा एखादा स्विचबोर्ड उघडायला लावा. वायरिंग बदललं तरी भिंतीतली पेटी बऱ्याचदा जुनीच असते. तिच्या तळाशी वाळलेला गाळ आणि गंजके स्क्रू दिसले की काय ते समजायचं. दुसरं, काळ्या मातीत पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. पावसाळ्यात माती फुगून त्या मिटल्यासारख्या दिसतात, म्हणून जमल्यास घर मे महिन्यात बघा.