मदत हवी आहे: कलम 37 ची हरकत, सोसायटीची एकच की प्रत्येकाची वेगळी?

1997 साली पुणे महापालिकेत आलेल्या गावांपैकी एका गावात आमची 84 फ्लॅटची सोसायटी आहे. मागची शेती विभागातली जमीन निवासी करायची नोटीस पेपरात आली आहे, एमआरटीपी कायदा 1966 (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) च्या कलम 37 खाली, म्हणजे मंजूर विकास आराखड्यात फेरबदल. हरकतीच्या एका महिन्यातले 11 दिवस उरलेत.

घरं बांधूच नयेत असं आमचं म्हणणं नाही; आपणही कुणाच्या तरी शेतावरच राहतोय. पण रस्ता एकच, तोही असा की पाण्याचे दोन टँकर समोरासमोर आले की एकाला मारुतीच्या देवळापर्यंत रिव्हर्स जावं लागतं. शिवाय त्या जमिनीतून ओढा जातो आणि नोटिशीसोबतच्या नकाशात तो दिसतच नाही.

आतापर्यंत: सातबारा आणि गटाचा नकाशा काढला, टँकरची वर्षभराची बिलं जमवली. माहिती अधिकारात अर्जही केलाय, पण उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणजे उपयोग नाही. महापालिकेत हरकत घेऊन गेलो तर "मेल करा" म्हणाले, आवक शिक्का मिळाला नाही.

अडचण अशी की कन्व्हेयन्स झालेलं नाही, आमची जमीन अजून बिल्डरच्या नावावर. वकील सध्या परवडणार नाही. "नगरसेवकाला भेटा" हे कृपया सांगू नका, भेटून झालंय.

ज्यांनी अशी हरकत घेऊन प्रत्यक्ष सुनावणीला हजेरी लावली आहे त्यांनी सांगा: एकाच मजकुरावर 84 सह्या केल्या तर ती एक हरकत धरतात का 84? आणि स्पीड पोस्टाची पावती पोच म्हणून चालते का?