जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मंचरजवळ आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे, वडिलांनी घेतलेला. थंड इंजिनला प्रेशर व्यवस्थित दाखवतो. तासभर रोटाव्हेटर चालला की स्लोवर (रेस न देता) काटा जवळजवळ शून्यावर येतो, रेस वाढवली की थोडा वर चढतो. मीटरवर भरवसा नको म्हणून सेंडिंग युनिटच्या (मीटरला प्रेशर कळवणाऱ्या सेन्सरच्या) जागी मेकॅनिकल गेज लावून पाहिलं, तेच दिसलं. ऑइल आणि फिल्टर नवीन आहे. ऑइलला डिझेलचा वास नाही, पातळीही वाढत नाही, त्यामुळे डिझेल मिसळत असेल असं वाटत नाही.

मिस्त्री म्हणतात थेट इंजिन उतरवा. मला आधी चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोलून सक्शनची जाळी, ऑइल पंपाचा गिअर प्ले (गिअरचा ढिलेपणा) आणि जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बघावीशी वाटते. रॉड आणि मेन बेअरिंग झिजली असतील तर क्रँक (पिस्टनच्या रॉडने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नुसती नवीन बेअरिंग टाकणं मला पटत नाही. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) अंडाकृती झालं असेल तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज (कमी झालेल्या मापाला बसणारी) बेअरिंगच लागतील ना?

कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) झिजलेल्या बुशमुळेही इतकं प्रेशर पडतं का? जाड ऑइल टाकून कांदा लागवडीपर्यंत ओढणं कितपत धोक्याचं? आणि भोसरी किंवा नाना पेठेच्या बाजूला क्रँक मोजून, माप लिहून देणारं खात्रीचं वर्कशॉप कुणाला माहीत आहे का? हा ट्रॅक्टर भंगारात द्यायचा नाही, एवढं नक्की.