बायरूंनी पंतप्रधान झाल्यावर पो शहराचं महापौरपद सोडायला हवं होतं का?

सह्यकडा
सोडायलाच हवं होतं. १३ डिसेंबर २०२४ ला फ्रांस्वा बायरू फ्रान्सचे पंतप्रधान झाले आणि दुसऱ्याच दिवशी शिदो चक्रीवादळाने हिंदी महासागरातला फ्रेंच बेटसमूह मायोत उद्ध्वस्त केला. १६ तारखेला हे सरकारी विमानाने पोला, म्हणजे आपण महापौर असलेल्या शहरात गेले, मायोतच्या आपत्कालीन बैठकीला तिथूनच व्हिडिओवर बसले आणि मग नगरपरिषदेची सभा चालवली. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त हाकतो. तिथे अंदाजपत्रकाची अंमलबजावणी, नोकरभरती, बांधकाम परवाने हे सगळं महापौराच्या अखत्यारीत. तो गैरहजर असेल तर पहिला उपमहापौर सभा चालवू शकतो. मग जायची गरजच काय होती?

तळटीप
यात बेकायदा काय? राज्यघटनेच्या कलम २३ नुसार मंत्र्याला खासदारकी, सरकारी नोकरी, व्यवसाय चालत नाही. महापौरपदाचा त्यात उल्लेखच नाही. शिराक १९८६ ते ८८ पंतप्रधान होते तेव्हा पॅरिसचे महापौरही होते, ज्युपे १९९५ ते ९७ बोर्दोचे. बायरू तर खालूनच वर आलेले: १९८२ पासून जिल्हा परिषदेत, १९९२ ते २००१ तिचे अध्यक्ष, त्यातच १९९३ ते ९७ शिक्षणमंत्री. पोमध्ये २००८ ला साडेतीनशेहून कमी मतांनी पडले, तरी २०१४ ला पुन्हा उभे राहून जिंकले. गावाशी नाळ तोडलेला पंतप्रधान हवाय का तुम्हाला?

उत्तरायण
तळटीप, नाळ तुटते हे मला पटत नाही. २०१४ च्या कायद्याने २०१७ पासून खासदाराला महापौर, उपमहापौर किंवा जिल्हा वा प्रांत परिषदेचा अध्यक्ष राहता येत नाही. निवडून आल्यावर ३० दिवसांत जुनं पद सोडायचं, नाहीतर नवं जातं. साधं नगरसेवकपद मात्र ठेवता येतं! म्हणजे गावात बसायची जागा शाबूत.

खरी गफलत वेगळीच आहे. खासदाराला बंदी, आणि त्याच्या कितीतरी पट काम असलेल्या पंतप्रधानाला मोकळीक. १९९७ ला तेव्हाचे पंतप्रधान जोस्पाँनी मंत्र्यांना स्थानिक पदं सोडायला लावली, पण तो पायंडाच राहिला, कायदा झाला नाही. मंत्र्यांवरची बंदी कलम २३ मध्येच लिहायला हवी. घटनादुरुस्ती सोपी नाही, हे मान्य: दोन्ही सभागृहांत शब्दन्‌शब्द सारखा मसुदा, मग सार्वमत किंवा संयुक्त अधिवेशनात तीन पंचमांश मतं.

तळटीप
खासदारांवरची ती बंदी उठवा, असंच बायरूंचं म्हणणं होतं.

सह्यकडा
असणारच! ८ सप्टेंबर २०२५ ला विश्वासठराव ३६४ विरुद्ध १९४ ने पडला, पंतप्रधानपद गेलं, महापौरपद हातात राहिलं. एक पद दुसऱ्याचा विमा होतं, हीच माझी तक्रार आहे.