अमृतमहोत्सवी वाढदिवस आणि उघड्या कॉकपिटचे बायप्लेन : सल्ला हवा आहे

संत्राबर्फी

नमस्कार. येत्या मकरसंक्रांतीला माझ्या वडिलांना ७५ वर्षे पूर्ण होत आहेत. हॉल, केटरर आणि शाल-श्रीफळ हा ठरलेला बेत त्यांना मुळीच नको आहे, म्हणून आम्ही तिघा भावंडांनी त्यांची एक जुनी हौस पुरी करायचे ठरवले आहे.

माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पुन्हा आपापल्या वाटेला लागत. ते दाखवायला आजोबा बाबांना सायकलच्या दांडीवर बसवून सोनेगावच्या विमानतळावर नेत असत. बाबांच्या मनात मात्र टपालाच्या त्या मोठ्या डाकोटा विमानांपेक्षा एकदा भर दुपारी पाहिलेले एक पिवळे, वर-खाली दोन पंखांचे विमान घर करून राहिले आहे. त्यातल्या माणसाचे डोके बाहेर दिसत होते आणि त्याने बाबांकडे पाहून हात हलवला होता, असे ते आजही सांगतात.

अशा विमानात प्रवासी म्हणून बसता येते का? जे.आर.डी. टाटांनी टपाल आणले ते हेच विमान असावे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. बाबांचे वजन ७८ किलो आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा कुरकुरतो. बहीण केंब्रिजला राहते, त्यामुळे तिकडची माहितीही चालेल.

हवाईवारी

आधी भावाची दुरुस्ती करतो. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले ते पुस मॉथ विमान एकाच पंखजोडीचे आणि बंद केबिनचे होते. तुमच्या वडिलांनी पाहिलेले बहुधा टायगर मॉथ असावे. दोन्ही विमाने द हॅविलँड कंपनीचीच असल्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. टायगर मॉथ १९३१ साली पहिल्यांदा उडाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये कित्येक वर्षे नवशिक्यांच्या हाती तेच विमान पडत असे.

भारतीय वायुसेनेच्या विंटेज ताफ्यात दुरुस्त करून उडते केलेले एक टायगर मॉथ आहे, पण ते तिकीट काढून बसण्यासाठी नाही. नागपुरात प्रशिक्षणासाठी वापरली गेलेली सेस्ना विमाने बंद केबिनची आहेत, त्यामुळे डोके बाहेर काढण्याची तुमच्या वडिलांची हौस त्यात भागणार नाही. बहीण केंब्रिजला असताना तुम्ही इकडे शोधत बसणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. डक्सफर्डचे विमानतळ तिथून अगदी जवळ आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या आणि १९३८ मध्ये स्पिटफायर ही लढाऊ विमाने सर्वांत आधी जिथे दाखल झाली, त्या या तळावर आज युद्धसंग्रहालय आहे आणि तिथल्या गवताच्या पट्टीवरून टायगर मॉथच्या फेऱ्या होतात.

संक्रांतीचा हट्ट मात्र सोडा. इंग्लंडातला जानेवारी म्हणजे छोटा दिवस, खाली उतरलेले ढग आणि चिखल झालेले गवत. तिथे हा मोसम साधारण वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत चालतो. वाढदिवस आपण तिथीनेही करतो आणि तारखेनेही करतो, तेव्हा एकदा हवामानानुसार करायला हरकत नसावी.

धंतोलीची काकू

मी माझ्या साठीला, मुलाच्या आग्रहामुळे, दक्षिण इंग्लंडात टायगर मॉथमध्ये बसले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत अवघड भाग उड्डाणाचा नाही, आत शिरण्याचा आहे. खालचा पंख कापडाने मढवलेला असतो, त्यामुळे पाय फक्त विमानाच्या धडालगतच्या काळ्या पट्टीवरच ठेवावा लागतो. तिथे चढल्यावर वरच्या पंखाचे खांब आणि तारा यांच्यामधून अंग वळवून, बाजूची छोटी झडप खाली पाडून, पुढच्या बैठकीच्या खड्ड्यात एकेक पाय सोडायचा असतो. प्रवासी पुढे आणि वैमानिक मागे बसतो, आणि पुढची जागा नेमकी त्या खांबांच्या मधोमध असल्यामुळे तिथे शिरताना जास्त कसरत होते. मी पाय आत टाकताना खांब धरला, तो योग्य होता. तार धरायला गेले तेव्हा तिथला मुलगा नम्रपणे पण जोरात ओरडला. वडिलांच्या गुडघ्याचा प्रश्न इथे आहे, हवेत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते, त्यात ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाचा वारा समोरून येतो. जमिनीवर १८ अंश असताना मी नागपूरच्या हिशेबाने शाल घेऊन गेले होते, ती त्यांनी काढून ठेवायला लावली. ओढणी, शाल, टोपी, सुटा मोबाइल यांपैकी काहीही चालत नाही, कारण पुढच्या जागेतही विमान चालवायचा दांडा आणि पायपट्ट्या असतात, आणि पायाशी पडलेली वस्तू त्यांत अडकली तर वैमानिकाचीच पंचाईत होते. त्यांनी जाड जॅकेट, चामडी टोपी आणि गॉगल दिले. आत अंगभर स्वेटर आणि लोकरी मोजे हवेतच.

माझी पहिली तारीख वाऱ्यामुळे रद्द झाली. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, पण आम्ही दीड तासाचा प्रवास करून पोहोचल्यावर ते कळवण्यात आले, याचा राग अजून आहे. म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यातली तारीख घ्या, म्हणजे पुढची तारीख मागायला जागा उरते.

आणि बाकी सारे? एकाने पुढे उभे राहून हाताने पंखा फिरवला, ‘कॉन्टॅक्ट’ असे म्हटले, आणि तेलाचा गरम वास नाकात शिरला. उतरताना वैमानिकाने इंजिनाचा आवाज कमी केला तेव्हा तारांतून शीळ ऐकू येऊ लागली. ती शीळ मी विसरलेले नाही.

महालकर

एवढ्या खटाटोपापेक्षा पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात चौकशी करावी, असे माझे मत आहे. तिथे सामान्य माणसांनाही ग्लायडरमध्ये बसवले गेले आहे. खर्चही व्हिसा-विमानाच्या मानाने किरकोळ येईल.

संत्राबर्फी

महालकर, सूचनेबद्दल आभार. पण ग्लायडरवर काचेचे झाकण असते आणि इंजिन नसते, तर बाबांना नेमका वारा आणि आवाज हवा आहे. शिवाय नातीला भेटायला त्यांना केंब्रिजला न्यायचे होतेच.

काकू, तुमचा प्रतिसाद बहिणीला जसाच्या तसा पाठवला. आणखी तीन शंका आहेत. चश्म्यावर गॉगल बसतो का? रक्तदाबाचे काय करावे? आणि हे सगळे गुपित ठेवून त्यांना थेट धावपट्टीवर नेले तर चालेल का?

हवाईवारी

चश्मा छोट्या फ्रेमचा असेल तर बहुतेक गॉगल वरून बसतात. तरी आधी विचारून घ्या. रक्तदाबाबद्दल त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘विमानप्रवास’ असे मोघम न सांगता ‘उघडे विमान, थंड वारा, वीस मिनिटे’ असे सांगा, नाहीतर ते एअरबसचा विचार करून होकार देतील. वजनाची मर्यादा कपड्यांसह मोजतात. ७८ किलोला सहसा अडचण येऊ नये. गिरक्यांची फेरी घेऊ नका. साधी, छोटी फेरी पुरे होते, कारण उघड्या कॉकपिटमध्ये विसाव्या मिनिटाला बोटे बधिर व्हायला लागतात.

आरक्षणापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा : प्रवासी नेण्याची रीतसर परवानगी आहे का, आणि फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की फक्त नवी तारीख मिळते. प्रवास विम्याच्या पॉलिसीत असे उड्डाण वगळलेले आहे का, तेही पाहा. विमान ऐंशी-नव्वद वर्षांचे आहे, त्यामुळे जोखीम शून्य आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ते अगदी कमी वेगात, लहानशा मैदानातही उतरू शकते, हा त्याचा मोठा गुण आहे.

धंतोलीची काकू

गुपित मुळीच ठेवू नका. ७५ वर्षांच्या माणसाला ऐन वेळी पंखावर चढायला सांगणे बरे नव्हे, आणि सहा महिने वाट पाहण्यातला आनंदही तुम्ही त्यांच्याकडून हिरावून घ्याल.

संत्राबर्फी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मागितली आहे, तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच काढू. संक्रांतीला तिळगुळाच्या डब्यात टायगर मॉथचे चित्र ठेवून सांगायचे ठरले होते, परंतु काकूंचे ऐकून मी काल रात्रीच सांगून टाकले. बाबा आधी “काहून एवढा खर्च करून राहिले बे तुम्ही?” असे म्हणाले आणि उठून आत गेले.

आज सकाळी गच्चीवर आवाज आला म्हणून पाहिले, तर त्यांनी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यालगत प्लॅस्टिकचा स्टूल लावला होता, खांब म्हणून कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप डाव्या हाताने धरला होता, आणि कोणता पाय आधी टाकला म्हणजे उजव्या गुडघ्यावर भार येत नाही, हे ते आईला करून दाखवत होते. डावा आधी टाकायचा, असे ठरले आहे.