मदत हवी आहे: जखमेच्या फोटोंसाठी मोबाइल की जुना डिजिटल कॅमेरा?

नमस्कार मंडळी,

माझी आत्या ७१ वर्षांची आहे, कोथरूडला राहते. मधुमेह जुना. उजव्या चवड्याखाली जखम झाली आहे आणि ती भरायला वेळ घेतेय. सिस्टर एक दिवसाआड घरी येऊन ड्रेसिंग करतात. तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवतो. ही पद्धत त्यांनीच सांगितली, म्हणजे दर वेळी जिना उतरायला नको.

अडचण रंगाची आहे. जखमेच्या तळाशी लाल मांस येतंय की पिवळा थर साचलाय, कड काळी पडतेय का आणि भोवतीची लाली कुठवर गेलीय, हे डॉक्टर फोटोत बघतात. लाली कडेपासून २ सेंटीमीटरच्या पुढे गेली तर थांबायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. गेल्या महिन्यात ड्रेसिंगला रात्रीचे आठ वाजले. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत अख्खा चवडा तांबूस दिसला. आत्याला तसंच दोघांनी धरून खाली आणलं, रिक्षा केली. दवाखान्यात पाहिलं तर लाली होती तेवढीच. त्या पायावर तिला उगाच चालवलं, याचं मला अजून वाईट वाटतं. पण भीती उलट बाजूची जास्त आहे. ट्यूबलाइटमध्ये किंवा मोबाइल कातडी गुळगुळीत करून टाकतो त्यात खरी लाली झाकली गेली तर?

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. गणपतीत सगळे आत्याकडे जमलो होतो. भाचीने माझ्या मोबाइलमधले आरतीचे फोटो टीव्हीवर लावले आणि मोदकांच्या पाठोपाठ आत्याची जखम पडदाभर आली. कोणी काही बोललं नाही. आत्या काठी टेकत आत गेली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "फोटो काढ रे, पण ते माझे आणि डॉक्टरांचे."

म्हणून कपाटातला जुना कॅनन पॉवरशॉट काढला आहे. बॅटरी नवी लागेल, ती तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघतो. कार्ड फक्त याच कामाला ठेवायचं. पण पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स (या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं, हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग) बसवला तर कातडी पिवळट येते, आणि फ्लॅश मारला तर ओल्या जखमेवर पांढरा डाग पडतो. रंग दर वेळी सारखा यावा म्हणून काय करू? लालीचं माप फोटोत कसं दाखवायचं? की हा कॅमेरा ठेवून देऊन नवा घ्यावा?

---

प्रतिसाद:

नवा घेऊ नका. मी दातांच्या दवाखान्यात फोटो काढते, तिथेही पहिला झगडा हिरड्यांच्या रंगाशीच असतो.

छपाईच्या कागदात तो शुभ्र दिसावा म्हणून निळसर चमक आणणारं द्रव्य असतं. कॅमेरा ती निळाई काढायला जातो आणि कातडी पिवळी पडते. १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड, म्हणजे फोटोसाठीच बनवलेलं, कुठल्याही रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड घ्या, व्हाइट बॅलन्स त्यावर बसवा आणि दर वेळी पहिला फोटो त्या कार्डासकट काढा. फ्लॅश बंद. दिवे बंद करून फक्त खिडकीचा उजेड, थेट ऊन नको. दोन प्रकारचे उजेड मिसळले की कुठलंच कार्ड कामाचं नाही.

मापासाठी कागदी मोजपट्टी जखमेशेजारी, तिच्याच पातळीत धरा. ती वर-खाली झाली की माप चुकतं. पट्टीवर तारीख आणि "उजवा" लिहा. कॅमेरा अगदी जवळ नेऊ नका, थोडं मागे सरून झूम करा. एक फोटो अख्ख्या तळव्याचा, एक जखमेचा. हातमोजे घातलेल्या सिस्टरांच्या हाती कॅमेरा देऊ नका, फोटो दुसऱ्याने काढावा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो आवळतं आणि बारकावे जातात.

आणि एक, सावळ्या कातडीवर लाली चांगल्या फोटोतही लपते. जखमेभोवती ऊब, सूज, वास किंवा दुखणं वाढलंय का, ते सिस्टरांना विचारून फोटोसोबत लिहा. ताप आला तर फोटोत वेळ घालवू नका.

---

धन्यवाद ताई. आत्याकडची खिडकी पूर्वेची आहे, सकाळी ऊन थेट आत येतं. सिस्टरांना अकरानंतर यायला जमेल का ते विचारतो, आणि पाय चौरंगावर घेऊन बघतो. फोटो पाठवायला मोबाइलमध्ये घ्यावेच लागतील, ते पाठवून झाले की तिथून काढून टाकेन. कार्ड आत्याने मागून घेतलंय, ते तिच्या औषधांच्या डब्यात राहील.