गोव्यातल्या जागांचे अंदाज आपल्या वृत्तपत्रांनी छापावेत का?

मांडवीकाठ :

विद्यमान विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. म्हणजे 'गोव्यात कोणाला किती जागा' हे रंगीत तक्ते यायचेच. एकदा आचारसंहिता लागली की कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतं, म्हणून आधीच लिहितो. गोव्यातल्या मराठी वृत्तपत्रांनी आणि स्थानिक वाहिन्यांनी जागांचे अंदाज छापणं-दाखवणं बंद करावं. सरकारने बंदी घालावी असं मी म्हणत नाही. संपादकांनी स्वतः ठरवावं.

कारण साधं आहे. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात तीन लाखांच्या वर मतदार असतात. आपल्याकडे २०२२ मध्ये साडेअकरा लाखांहून थोडे जास्त मतदार आणि ४० मतदारसंघ होते. म्हणजे एकेका मतदारसंघात सरासरी २९ हजार. त्या निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. सांखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी आले, पणजीची जागा ७१६ मतांनी गेली. आता समजा एखाद्या संस्थेने राज्यभरात चार हजार लोकांना विचारलं. मतदारसंघामागे शंभर माणसं झाली. शंभर माणसांच्या नमुन्यात चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या घरात जाते. ७६ मतांचा निकाल त्यातून कसा दिसणार?

आणि मतांची टक्केवारी काढून तिच्या जागा करायच्या म्हटलं तर आपल्याकडे तेही जमत नाही. २०१७ मध्ये भाजपला सुमारे साडेबत्तीस टक्के मतं आणि १३ जागा. काँग्रेसला सव्वाअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास आणि जागा १७. आम आदमी पक्षाला तेव्हा सहा टक्क्यांच्या वर मतं मिळाली, जागा शून्य. २०२२ मध्ये जवळपास तेवढ्याच मतांवर दोन आमदार आले. कुठलं गणित या दोन्ही वर्षांना लागू पडतं?

२०१७ ला बऱ्याच एक्झिट पोलनी भाजप पुढे दाखवला होता, निघाली काँग्रेस. २०२२ ला बहुतेकांनी बरोबरीची लढत सांगितली. निकाल २० विरुद्ध ११.

मला राग आकडे चुकल्याचा नाही. त्या आकड्यांनी पानावरची जी जागा खाल्ली तिचा आहे. २०२२ च्या निवडणुकीवेळी खाणी २०१८ च्या मार्चपासून बंद होत्या. डिचोली, सत्तरी, सांगेतल्या ट्रकवाल्यांचे हप्ते थकले होते. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवादाचा निवाडा येऊन साडेतीन वर्षं झाली होती. आपल्या मतदारसंघातला उमेदवार या दोन गोष्टींवर काय म्हणतो, हे वाचायला मिळावं म्हणून किती पानं खर्ची पडली? पहिलं पान तर तक्त्याने अडवलेलं.

आकडेमोड :

मांडवीकाठ बाब, तुमचं गणित बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

आपली वृत्तपत्रं थांबली म्हणून दिल्लीच्या वाहिन्या थांबणार नाहीत. गोव्यातला वाचक मग फक्त त्यांचंच बघेल, आणि तेही मतदारसंघ कुठे आहे याचा पत्ता नसलेल्या सूत्रसंचालकाच्या तोंडून. शिवाय आकडे नसले की अफवा येतात. २०१७ ला आपलं मतदान ४ फेब्रुवारीला झालं आणि निकाल ११ मार्चला लागला. मध्ये ३५ दिवस. त्याच वेळी निवडणूक असलेल्या उत्तर प्रदेशातलं मतदान संपेपर्यंत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार एक्झिट पोल दाखवायला मनाई होती. त्या ३५ दिवसांत काय झालं आठवा. 'गुप्तचर खात्याचा अहवाल', 'पक्षाचा अंतर्गत सर्व्हे', प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळा. त्याला ना संस्था, ना नमुना, ना तारीख. त्यापेक्षा नाव लावून केलेली चाचणी हजारपट बरी. ती चुकली तर निदान कोण चुकलं ते कळतं.

२०२२ बद्दल तर तुम्ही चाचण्यांवर अन्याय करताय. बहुमताला २१ लागतात. बहुतेकांनी त्रिशंकू सांगितलं आणि भाजप २० वर थांबला. मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) दोन आणि अपक्ष तीन यांचा पाठिंबा घेऊन सरकार झालं. एका जागेचा प्रश्न होता.

छापायचं कसं यावर बोलूया. जागांचा आकडा मथळ्यात नको. मतांची टक्केवारी, किती लोकांना विचारलं, कुठल्या तारखांना विचारलं, पैसे कोणी दिले, चूक किती होऊ शकते, हे सगळं त्याच चौकटीत, त्याच टायपात छापा. वाचक अडाणी नाही.

मांडवीकाठ :

वाचक अडाणी नाही हे मान्यच. पण तुम्ही म्हणता ती चौकट मी आजवर कुठल्या पहिल्या पानावर पाहिलेली नाही. नमुना आणि तारखा असल्याच तर तळाशी, भिंग घेऊन वाचाव्या लागतील अशा.

आणि काँग्रेसला ११ हा आकडा विसरू नका. तिला भाजपच्या बरोबरीला बसवणारे अंदाज होते. त्याच वातावरणात निकालाआधीच काँग्रेसने आपले उमेदवार बांबोळीच्या हॉटेलात एकत्र ठेवले, बाहेरून निरीक्षक आले, दोन दिवस वाहिन्यांनी त्या हॉटेलचं फाटक दाखवलं. जी स्पर्धा मतपेटीत नव्हतीच तिचं हे थेट प्रक्षेपण झालं.

गोवा सोडा, अख्खा देश घ्या. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक चाचण्या एनडीएला साडेतीनशेच्या वर नेत होत्या. ४ जूनला २९३ आले. तिथे नमुना लाखांत असतो तरी ही गत. आपल्या शंभर माणसांच्या नमुन्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

सत्तरीची लेक :

तुम्ही दोघं निकालाच्या आधीच्या आकड्यांवर भांडताय. निकालानंतर जे छापून येतं त्याचं काय?

२०१७ मध्ये काँग्रेसचे १७ निवडून आले आणि भाजपचे १३, सरकार १३ वाल्यांचं झालं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या तेव्हाच्या पंधरा आमदारांपैकी दहा एका दिवसात भाजपमध्ये गेले. त्याआधी मार्चमध्ये मगोच्या तिघांतले दोघे मध्यरात्री गेले होते. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबर उजाडला आणि अकरातले आठ गेले. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात. तीनमधले दोन, पंधरातले दहा, अकरातले आठ. दर वेळी बरोबर तेवढेच, म्हणजे कायद्यात बसवूनच सगळं केलेलं.

आणि बातमी काय होती? 'मास्टरस्ट्रोक', 'धक्कातंत्र', 'सरकार भक्कम'. विधानसभेचं नवं संख्याबळ चौकटीत. ज्या गावांनी एका चिन्हावर मत दिलं त्या गावांत जाऊन, तुम्हाला विचारलं होतं का, एवढं विचारायला किती बातमीदार गेले? माझ्या दृष्टीने माध्यमांची सगळ्यात मोठी चूक ही आहे. एक्झिट पोल चार दिवसांत विसरला जातो. मत विकलं गेल्याची भावना पाच वर्षं टिकते, आणि पुढच्या वेळी घरातली तरुण मुलं मतदानाला जायचं कशाला म्हणून विचारतात. मला याचं खरंच दुःख होतं.

फोंडेकर :

बाय, दुःख समजतं, पण लोक विसरले हे म्हणणं मला पटत नाही. २०१९ ला काँग्रेसमधून गेलेल्या त्या दहांपैकी २०२२ ला किती परत निवडून आले? तीन. बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. बाबू कवळेकर तेव्हा उपमुख्यमंत्री होते, तरी केपेत पडले. सांत आंद्रेच्या ज्या ७६ मतांचा उल्लेख वर आलाय, तिथे पडलेले आमदारही त्या दहांतलेच.

हे कुठल्याही तक्त्याने आधी सांगितलं नव्हतं. वाड्यावाड्यावर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना मात्र ठाऊक होतं, आणि तालुका बातमीदारांनाही. त्यांच्या बातम्या आतल्या पानांवर दोन परिच्छेदांत येत होत्या. मी त्या वाचल्या आहेत. तेव्हा सगळ्या पत्रकारांना एकाच काठीने हाणू नका. तालुक्याच्या बातमीदाराला मानधन किती मिळतं, आणि बातमीसाठी पेट्रोल कोणाचं जळतं, हेही विचारा.

मांडवीकाठ बाबांच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे तो एवढ्यासाठीच. तक्त्यावर जाणारा पैसा आणि जागा त्या माणसाला द्या.

जुना वाचक :

मी वेगळ्या बाजूने बोलतो. चाचण्या छापा नाहीतर छापू नका, त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते पैसे घेऊन छापलेल्या बातमीने.

आमच्या पिढीने १९६७ चा जनमत कौल पाहिलाय. १६ जानेवारीला मतदान. गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. वेगळं राहण्याचा पक्ष ३४,०२१ मतांनी जिंकला. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि 'राष्ट्रमत' विरोधात. दोन्ही मराठी. दोघांनीही दारं-खिडक्या उघडून भांडण केलं. घरात दोन्ही पत्रं येत, जेवताना वाद होत. कोण कुठल्या बाजूला आहे यावर पडदा नव्हता. वृत्तपत्राने बाजू घेतली म्हणून माझी कधीच तक्रार नव्हती.

आज मतदानाच्या आदल्या आठवड्यात एकाच उमेदवाराचं गुणगान दोन वेगवेगळ्या पत्रांत शब्दन् शब्द सारखं येतं, वर बातमीदाराचं नाव वेगळं. 'जाहिरात' हा शब्द कुठेही नाही. निवडणूक आयोगाच्या प्रमाणन आणि देखरेख समित्या आहेत, जिल्ह्यालाही आणि राज्यालाही. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिराती त्यांच्याकडून आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात. पण जी जाहिरात बातमीच्या वेषात येते ती प्रमाणित कोण करणार? ती उमेदवाराच्या खर्चात कोण धरणार? तिथे हात घाला.

सासष्टीकर :

निकालाच्या दिवसाचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. १० मार्च २०२२ च्या सकाळी सुरुवातीच्या फेऱ्यांत प्रमोद सावंत मागे होते. 'मुख्यमंत्री पिछाडीवर' ही पट्टी तासभर फिरत होती आणि कुठेकुठे 'मोठा उलटफेर' जाहीरही करून टाकला. शेवटी ते निवडून आले.

यात खोटं काहीच नव्हतं, ते मागेच होते. पण मोजणी कशी होते हे कोणी सांगत नाही. आधी टपाली मतं. मग यंत्रं, मतदान केंद्रांच्या क्रमाने. एका मतदारसंघात चाळीसेक केंद्रं, एका फेरीत जेवढी टेबलं तेवढीच उघडतात. पहिल्या फेरीत शेजारशेजारच्या पंचायतींची केंद्रं आली, आणि तिथे एखाद्याचा जोर असला, तर तो पुढे दिसणारच. याला 'कल' म्हणणं मला चूक वाटतं. किती फेऱ्या झाल्या, किती उरल्या आणि उरलेली केंद्रं कुठल्या गावांतली, एवढं आकड्याशेजारी टाकलं तर माणसं फटाके आणायला धावणार नाहीत. आल्तिनोच्या पॉलिटेक्निकबाहेर आणि मडगावच्या दामोदर कॉलेजबाहेर उभ्या असलेल्या बूथ एजंटांना हे पाठ असतं. कॅमेरा त्यांच्यासमोरच असतो, प्रश्न मात्र 'कसं वाटतंय?'

आकडेमोड :

सासष्टीकर बाबांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि माझं म्हणणं त्यानेच पक्कं होतं. माहिती कमी दिल्याने बिघडलं. उपाय आणखी कमी देणं हा कसा असेल?

मांडवीकाठ बाब, तुम्हाला एक ठोस प्रस्ताव देतो. ४० जागांच्या तक्त्यात 'सांगता येत नाही' हा रकाना सक्तीचा करा. जिथे दोन उमेदवारांतलं अंतर चुकीच्या मर्यादेच्या आत आहे ती जागा त्याच रकान्यात गेली पाहिजे. गोव्यात बऱ्याच जागा तिथे जातील. जाऊ देत. तो तक्ता खरा असेल.

मांडवीकाठ :

असा तक्ता निघाला तर त्यात निम्म्याहून अधिक जागा त्याच रकान्यात असतील. मग तो पहिल्या पानावर कशासाठी? आतल्या पानावर, तालुका बातमीदाराच्या बातमीच्या खाली लावा, माझी हरकत राहणार नाही. आकडा मथळ्यात आणि रिपोर्ताज आत, या क्रमाला माझा विरोध आहे, आणि तो राहील.

जुन्या वाचकांना विचारतो : बातमीच्या वेषातली जाहिरात पकडायला समितीकडे तक्रार वाचकाने करावी की प्रतिस्पर्धी उमेदवाराने? वाचकाने करायची तर दोन पत्रांतली कात्रणं शेजारी ठेवली की पुरावा होतोच. ते काम आपण चारपाच जण मिळून करू शकतो.

जुना वाचक :

करूया. पेडणे ते काणकोण सगळी पत्रं एका घरी येत नाहीत, तेव्हा तालुके वाटून घ्यावे लागतील. बार्देश माझ्याकडे.

सत्तरीची लेक :

सत्तरी आणि डिचोली मी बघते. पण कात्रणांबरोबर आणखी एक मागणी संपादकांकडे न्या. उमेदवारांची यादी छापतील तेव्हा प्रत्येक नावापुढे तो २०१७ ला आणि २०२२ ला कुठल्या चिन्हावर लढला आणि आज कुठल्या, हे तीन रकाने हवेत. शपथपत्रातली मालमत्ता छापतात ना, तशीच ही. याला ना चाचणी लागते, ना नमुना. आकडेमोड बाबांनाही यात चूक काढता येणार नाही.

आकडेमोड :

नाही काढत. फक्त पोटनिवडणुकाही धरा. वाळपईत ऑगस्ट २०१७ मध्ये झाली होती, मार्चला काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले विश्वजित राणे तेव्हा भाजपच्या चिन्हावर लढले. तीन रकान्यांच्या यादीत ते येणार नाही.