संवादकौशल्याच्या कोर्समध्ये सराव कसा करावा?

प्रश्न: वर्गात शिकवलेलं समजतं, पण उभं राहिलं की वाक्यं सुटतात. लिहितानाही तेच होतं. काय करावं?

उत्तर १: भाषण पाठ करू नका, एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. कार्डावर चार-पाच मुद्दे लिहा, फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा. 2 मिनिटं बोलून रेकॉर्ड करा, ऐका आणि एका वेळी एकच दोष सुधारा. बहुधा वेगापासून सुरुवात करावी लागते. मुद्दा संपला की श्वास घ्या.

उत्तर २: लिहिताना मध्येच खोडू नका, विचार तुटतो. मसुदा पूर्ण झाल्यावर मोठ्यानं वाचा. दम लागेल तिथे वाक्य तोडा.

उत्तर ३: गट लहानच निवडा. 30 जणांच्या वर्गात तासाला प्रत्येकी जेमतेम 2 मिनिटं येतात, अभिप्रायाला वेळच उरत नाही.